अंगासरसे वस्त्र आणि नऊवारी लुगडे : संगणकीय मानवाकृतींच्या वेशभूषेची एक समीक्षा

बीजशब्द : संगणकीय मानवाकृती, वेशभूषा, ॲनिमेशनपट, संगणकीय खेळ, नऊवारी, काष्टा, चोळी

प्रस्तावना

भारतीय वेशभूषेचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने इतिहास, समाजशास्त्र आणि रंगभूमी या अंगांनी होत आला आहे. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९५१ मध्ये भारतीय वेशभूषेवर इंग्रजीतून स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मराठी रंगभूमीच्या इतिहासात शालू, पैठणी, शेला यांचे उल्लेख वारंवार येतात. गेल्या तीसेक वर्षांत मात्र वस्त्राला एक नवा धारणकर्ता मिळाला आहे. तो म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील मानवाकृती. ॲनिमेशनपट, जाहिराती आणि संगणकीय खेळ यांतून अशा आकृती आपल्यासमोर वावरतात. त्यांना कपडे कसे घातले जातात आणि त्या घालण्यामागे कोणते गृहीतक असते, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोडून देण्याकडे मानव्यविद्येच्या अभ्यासकांचा कल दिसतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा समीक्षेच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

लेखाचे निमित्त घरचेच आहे. धायरी येथे प्रस्तुत लेखिका अध्यापन करते. एका माजी विद्यार्थ्याने पदवीनंतर त्रिमिती ॲनिमेशनचा अभ्यासक्रम निवडला आणि वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमात आपण घडविलेली लावणी नर्तकीची आकृती दाखविली. चेहरा, नथ, अंबाडा, पायांतील चाळ, सर्व काही परिश्रमपूर्वक केलेले होते. नर्तकी स्थिर उभी होती तोवर सभागृहाने दाद दिली. तिने पहिले पाऊल टाकले आणि निऱ्या रबरासारख्या ताणल्या गेल्या, जरीचा काठ मांडीबरोबर रुंदावला. ती पाठमोरी झाली तेव्हा काष्टा हा केवळ रंगविलेला पट्टा असल्याचे लक्षात आले. विचारले असता तो प्रांजळपणे म्हणाला, "मॅडम, ती साडी नाहीच. तिचीच कातडी थोडी बाहेर काढली आहे आणि तिला साडीचा रंग दिला आहे."

हे उत्तर त्या विद्यार्थ्यापुरते मर्यादित नाही. संगणकीय वेशभूषेतील एका सर्वमान्य पद्धतीचे ते नेमके वर्णन आहे.

अंगासरसा थर कसा घडतो

संगणकीय मानवाकृती म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे लहान लहान बहुकोन यांची पोकळ जाळी होय. जाळीच्या आत सांधे असलेला एक अस्थिसंच बसविलेला असतो. कोणत्या बिंदूने कोणत्या हाडाचे किती ऐकावयाचे याचे प्रमाण ठरविलेले असते. कोपर वाकला की त्याभोवतीचे बिंदू त्या प्रमाणात सरकतात. या देहाला घट्ट कपडा चढवावयाचा असल्यास सर्वांत सोपा मार्ग म्हणजे देहाच्याच जाळीचा हवा तेवढा भाग उचलून त्याची प्रत करणे, ती प्रत पृष्ठभागापासून काही मिलिमीटर बाहेर ढकलणे, तिच्या कडांना जाडी देणे आणि देहाच्या बिंदूंचे हाडांशी असलेले प्रमाण जसेच्या तसे तिला देणे. मग देह वाकेल तसा कपडाही वाकतो. तरीही एखाद्या हालचालीत आतली कातडी कपड्यातून बाहेर डोकावते. त्यावरील सर्रास उपाय म्हणजे कपड्याखालचे अंग अदृश्य करणे किंवा काढूनच टाकणे. वाचकांना गंमत वाटेल, पण पडद्यावरील पुष्कळ पात्रांना सदऱ्याखाली छाती आणि विजारीखाली पाय नसतात.

या पद्धतीचा प्रसार होण्यात ‘पोझर’ या प्रणालीचा मोठा वाटा आहे. चित्रकारांच्या लाकडी पुतळीला पर्याय म्हणून ती १९९५ मध्ये आली आणि १९९९ च्या चौथ्या आवृत्तीत आकृतीच्या मागोमाग आपोआप वाकणारे कपडे तिच्यात आले. पुढे ‘डॅझ’ या कंपनीने ठरावीक स्त्री-पुरुष आकृती आणि त्यांच्या मापाचे हजारो कपडे यांची बाजारपेठच उभी केली. संगणकीय खेळांत तर अशा वेशाला ‘स्किन’ म्हणजे कातडी असेच नाव पडले. आपले विद्यार्थी नवी ‘स्किन’ विकत घेतल्याचे सांगतात तेव्हा त्यांना नवा पोशाख अभिप्रेत असतो. शब्दाने येथे तंत्राचे गुपितच उघड केले आहे.

दुसरा मार्ग अनुकरणाचा. कापडाला स्वतःचे वजन, ताण, घर्षण आणि लवचीकता आहे असे मानून त्याची प्रत्येक क्षणीची स्थिती गणिताने काढावयाची. पिक्सारच्या ‘गेरीज गेम’ या १९९७ च्या लघुपटातील म्हाताऱ्याचे जाकीट अशा रीतीने घडविलेले होते. डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन यांच्या १९९८ च्या निबंधाने हे गणित व्यवहारात आणण्याजोगे वेगवान केले. कोरियात विकसित झालेल्या ‘मार्व्हलस डिझायनर’ या प्रणालीत तर शिंप्याप्रमाणे कापडाचे तुकडे बेतून ते पडद्यावर शिवता येतात. अर्थात हा मार्ग खर्चिक आहे. पिक्सारच्याच २००४ मधील ‘द इन्क्रेडिबल्स’मध्ये एडना मोड ही वेशरचनाकार नायकांना अंगासरसे पोशाख देते आणि खांद्यावरून रुळणाऱ्या झग्याला ठाम नकार देते. तिची कारणे कथेतील आहेत. संगणकावर कपडे घडविणाऱ्याला तो नकार वेगळ्याच कारणाने पटावा.

थर आणि कापड

अंगासरशा थराचा मुख्य दोष असा की तो देहाची प्रत्येक खळगी पाळतो. खरे कापड कधीही तसे करीत नाही. कितीही घट्ट सदरा घातला तरी तो दोन उंचवट्यांमधील खोलगट भाग ओलांडून पूल बांधल्यासारखा ताणून राहतो, काखेत चुण्या पाडतो, पाठीच्या पन्हळीवर सैल बसतो. थर मात्र खळगीत उतरतो, कारण तो देहाचीच प्रत असतो. पडद्यावरील अनेक स्त्रीपात्रे वस्त्रांकित असूनही रंग फासल्यासारखी दिसतात, त्याचे एक कारण रचनाकाराच्या दृष्टीत असेल, पण दुसरे निश्चितपणे या कृतीत आहे. येथे प्रस्तुत लेखिकेचा आक्षेप शालीनतेचा नाही, हे स्पष्ट केलेले बरे. आक्षेप असा आहे की या रीतीत कापड नावाची वस्तूच शिल्लक राहत नाही.

याला जोडून मूळ देहाचा प्रश्न येतो. वस्त्र जर देहाची प्रत असेल तर तो देह कोणाचा? संशोधनात मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे ‘एसएमपीएल’ हे २०१५ चे देहप्रारूप ‘सीझर’ या सर्वेक्षणातील मोजणीवर घडविले गेले. ते सर्वेक्षण अमेरिका, नेदरलँड्स आणि इटली या देशांतील नागरिकांचे होते. भारतीय देहाची मापे मिळविण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतील २५,००० व्यक्तींच्या मोजणीचा ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला, तो पुष्कळ नंतर. आमच्या विद्यार्थ्याची नर्तकीही आयत्या मिळालेल्या देहावर उभी होती. लांब मान, अरुंद कंबर, आठ डोक्यांची उंची. तिला नथ घातली म्हणून ती मराठी झाली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

देह आधी की वस्त्र आधी

तथापि, माप बदलल्याने हा प्रश्न सुटणारा नाही. अंगासरशा थराच्या मुळाशी एक तत्त्व गृहीत धरलेले आहे. देह आधी पूर्ण होतो आणि वस्त्र त्यावरून निष्पन्न होते, हे ते तत्त्व. बेतून शिवलेल्या कपड्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी मान्य करता येते. मराठी दृश्यपरंपरेत मात्र याच्या उलट दिशेची भक्कम उदाहरणे आहेत.

कोल्हापूरच्या अंबाबाईची मूर्ती उभी आहे. नवरात्रात श्रीपूजक तिची निरनिराळ्या रूपांतील अलंकारपूजा बांधतात आणि त्यांपैकी काही पूजा बैठ्या असतात. म्हणजे पाषाण उभा असतो आणि लुगड्याच्या घड्या, निऱ्या, पदर यांच्या जोरावर भाविकाला मांडी घातलेली देवी दिसते. येथे वस्त्र देहाचा आकार पाळत नाही, ते नवा देह रचते. संगणकाच्या भाषेत सांगावयाचे तर पूजकाने बाहेरचा थर आतल्या जाळीवरून काढलेला नाही. आतली जाळी त्याला केवळ आधारापुरती लागते.

दुसरे उदाहरण बालगंधर्वांचे. नारायण श्रीपाद राजहंस या पुरुषाने १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीतून आणि त्याआधी किर्लोस्कर मंडळीतून ज्या नायिका उभ्या केल्या, त्यांचे लावण्य शालू नेसण्याच्या रीतीवर केवढे अवलंबून होते हे मराठी वाचकाला सांगावयास नको. समाजातील स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याचे अनुकरण केले, ही बाब मार्मिक आहे. स्त्रीदेह नसलेल्या शरीरावर वस्त्राने स्त्रीरूप घडविले आणि मग स्त्रीदेहांनी त्या रूपाचा कित्ता गिरविला. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये अण्णा साळुंके यांनी तारामती साकारली, तीही याच परंपरेच्या आधाराने. या दोघांच्या देहावरून अंगासरसा थर काढला असता तर नायिका उभीच राहिली नसती!

नऊवारी नेसण्याची कृती पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे एक सलग आयताकृती कापड. त्याला कात्री नाही, सुई नाही, नाडीही नाही. कमरेभोवती वेढा देऊन पुढे गाठ मारावयाची, निऱ्या घालून खोचावयाच्या, त्यांचा खालचा मध्य दोन पायांमधून मागे नेऊन काष्टा खोचावयाचा आणि उरलेला भाग पदर म्हणून खांद्यावर घ्यावयाचा. पोटावर ओचा, मागे काष्टा, वर पदर ही सर्व एकाच कापडाची अंगे असल्याने एक जागा ओढली की दुसरी हलते. बाई खाली बसली की काष्टा ताणतो आणि कमरेची गाठ तो ताण पेलते. कोळणीचे गुडघ्यापर्यंतचे नेसणे, घोट्यापर्यंत येणारे ब्राह्मणी नेसणे आणि शेतकरी स्त्रीचे कामाचे नेसणे यांत फरक आहे तो कापडाच्या आकाराचा नव्हे, कृतीचा आहे. शांताल बूलाँजे यांनी १९९७ मध्ये आणि ऋता कपूर चिश्ती यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून भारतातील नेसण्याचे शंभराच्या आसपास प्रकार नोंदविले. ते सर्व मुळात कृतींचेच वर्णन आहे.

संगणकाला ही कृतीच अवघड जाते. दर सेंटिमीटरला एक बिंदू धरला तरी सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद अशा लुगड्याला नव्वद हजारांहून अधिक बिंदू लागतात. काठाची बारीक चुणी दिसावी म्हणून अंतर निम्मे केले की ही संख्या चौपट होते. त्यात कापड स्वतःवरच आठ-दहा पदरांनी रचलेले असते आणि प्रत्येक पदराने शेजारच्या पदरातून आरपार जाऊ नये, याचा हिशेब क्षणोक्षणी ठेवावा लागतो. हे सारे टिकून राहते ते घर्षणावर आणि एका गाठीवर. शिवण असती तर गणिताला आधार मिळाला असता. तेव्हा वेळ आणि पैसा यांच्या ओढाताणीत सापडलेला कलाकार कातडी बाहेर काढून तिला रंग देतो, यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष द्यावयाचा तर तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या प्रेक्षकवर्गाला, म्हणजे आपल्याला, द्यावा लागेल.

चोळीचा अपवाद

घट्ट वस्त्र हे परकीय आणि सैल वस्त्र हे आपले, अशी सरळ विभागणी कोणी करील तर ती चुकीची ठरेल. चोळी हे आपले जुने अंगासरसे वस्त्र आहे. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी शिवताना खणाचा काठ बाहीच्या कडेला येईल असा बेत केला जातो, काखेत तुकडा घालून हात उचलण्याला मोकळीक दिली जाते आणि पुढे गाठ मारली जाते. ती घट्ट बसते, पण देहाची प्रत म्हणून नव्हे. सपाट कापडाच्या तुकड्यांनी उंचसखल अंग कसे वेढावे याचे शिंपिणीला ज्ञान असते म्हणून ती तशी बसते. पडद्यावरील चोळीला काखेचा तुकडा नसतो, कारण थराला त्याची गरज नसते. हात उचलला की तिच्यावरील खणाचे नक्षीकाम मात्र लांबट होते. खरी चोळी अशा वेळी वर सरकली असती.

पुण्यातील उदाहरण

या पार्श्वभूमीवर ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने घडविलेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला खेळ विशेष लक्षणीय ठरतो. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी उभारलेल्या या छोट्या संस्थेचा लोकवर्गणीचा प्रयत्न २०१७ मध्ये अयशस्वी झाला होता. पुढे याच खेळाला २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट स्वतंत्र खेळाचे नामांकन मिळाले. असुरांनी पळविलेल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघालेली राजी ही कसरतपटू मुलगी त्याची नायिका आहे. ती भिंतीवरून धावते, खांबाभोवती गिरकी घेते. तिचा वेश अंगाबरोबर राहणारा आहे आणि तो तिच्या व्यवसायाशी सुसंगत आहे, म्हणून येथे अंगासरसे वस्त्र खटकत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या खेळाने प्रश्नाची मांडणीच बदलली आहे. पहाडी चित्रशैलीच्या प्रेरणेने रंगविलेले पृष्ठभाग आणि पुष्कळदा दुरून पाहणारा कॅमेरा यांमुळे वस्त्राचा धागा आणि चुणी यांपेक्षा एकूण आकृतिरेषा महत्त्वाची होते. दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडणाऱ्या कथेतील काही प्रसंग तर छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखविलेले आहेत. छायाबाहुलीत देह आणि वस्त्र हा भेदच नसतो. आपल्याकडे सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या करतात, त्यांत काठ, निऱ्या आणि दागिने एकाच चामड्यात कोरलेले असतात. त्याच समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांना मात्र कापडाचे खरे कपडे शिवतात. एकाच परंपरेने दोन्ही मार्ग सांभाळले आणि कोणता मार्ग कोठे योग्य याचे भान ठेवले. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘राजी’ने कातडीला कातडी म्हणून सौंदर्य दिले ते बाहुलीच्या मार्गाने, हे तिचे यश मानावे लागेल. त्याच वेळी खऱ्याखुऱ्या नेसणीचा प्रश्न तिने बाजूला ठेवला, हेही नोंदविले पाहिजे. पुण्याच्याच क्रेयॉन पिक्चर्सने केलेल्या ‘दिल्ली सफारी’ या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटात प्रमुख पात्रे प्राणी असल्याने तो निघालाच नाही.

शिवलेली नऊवारी

हा सर्व ऊहापोह करताना धायरी फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दुकानांच्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. ‘शिवलेली नऊवारी मिळेल’. विजारीप्रमाणे पाय घालून चढवावयाची, काष्टा आधीच टाचलेला, निऱ्या आधीच दाबलेल्या. पाडव्याच्या शोभायात्रेत दुचाकीवर बसणाऱ्या मुलींना ती सोयीची आहे. प्रस्तुत लेखिकेनेही महाविद्यालयाच्या पारंपरिक दिनाला ती घातली आहे आणि दिवसभर एकदाही गाठ सावरावी लागली नाही, याचा आनंदही घेतला आहे. परंतु शिवलेल्या नऊवारीला माप असते. लुगड्याला ते नसते. तेच लुगडे सासू नेसते, सून नेसते, गरोदर बाई नेसते, वाकलेली आजी नेसते आणि प्रत्येकीच्या अंगावर निराळे होते. मग संगणकाने नऊवारीची कातडी केली असे म्हणताना, ती शिवून आपणही अर्धी वाट चाललो आहोत, हे मान्य करणे भाग आहे. पडद्यावरील नर्तकी घडविणाऱ्या विशीतील मुलाने नेसती नऊवारी जवळून पाहिलेलीच नसेल, तर त्याने संदर्भ म्हणून पाहावयाचे तरी काय?

आमच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारला तेव्हा त्याने आपण इंटरनेटवरील छायाचित्रे पाहिल्याचे सांगितले. छायाचित्रांत अर्थातच कृती दिसत नाही. दिवाळीच्या सुटीत तो गावी गेला आणि आजी लुगडे नेसत असताना समोरून, पाठीमागून आणि बाजूने तीनदा चित्रण करून घेऊन आला. आजीने तिसऱ्या वेळी वैतागून काष्टा मुद्दाम सैल खोचल्याचे त्यात दिसते. त्या चित्रणावरून त्याने संगणकावर सलग कापड घेऊन नेसविण्याचा खटाटोप सुरू केला आहे. वेढा आणि निऱ्या जमल्या. गाठ अद्याप बसत नाही. घर्षण वाढविले तर कापड पत्र्यासारखे ताठ होते आणि कमी केले तर नर्तकीच्या तिसऱ्या पावलाला काष्टा सुटून येतो. परवा त्याने पुन्हा आजीला फोन लावून विचारले, की गाठ मारण्यापूर्वी टोकाला पीळ किती द्यायचा.